सोलापुरात बसून स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट ऑडिट शिकताना

वालचंदला किंवा ऑर्किडला शिकणारी मुलं-मुली मला विचारतात, ब्लॉकचेन सिक्युरिटीत यायचं तर पुण्याला क्लास लावावा का? जुळे सोलापुरातल्या घरातून मी हेच काम करते, स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमधल्या (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या, पैसे हाताळणाऱ्या प्रोग्राममधल्या) चुका शोधते, म्हणून ठामपणे सांगते, गरज नाही. आधी एखादा जुना हल्ला स्वतःच्या लॅपटॉपवर पुन्हा घडवून बघा. बातमी वाचून कळल्यासारखं वाटतं, पण टेस्ट लिहायला बसलं की नेमकं काय कळलेलं नाही ते समोर येतं.

सुरुवात 'द डाओ'पासून करा. १७ जून २०१६ रोजी इथेरियम ब्लॉकचेनवरच्या या सामायिक निधीतून सुमारे ३६ लाख ईथर (तिथलं चलन) काढले गेले. पैसे काढण्याचं फंक्शन आधी ईथर पाठवायचं आणि खात्यावरची शिल्लक नंतर कमी करायचं. घेणारं दुसरं कॉन्ट्रॅक्ट असेल, तर ईथर पोचताच त्याचा कोड चालू होतो. त्या कोडने पुन्हा तेच फंक्शन बोलावलं. शिल्लक अजून जुनीच, म्हणून पुन्हा पैसे, आणि पुन्हा. ही रीएन्ट्रन्सी. वहीत नोंद पडल्याशिवाय गल्ल्यातून रक्कम काढायची नाही, ही चाटी गल्लीतल्या कुठल्याही कापड दुकानातली शिस्त इथे मोडली होती. फाउंड्री या टेस्ट लिहायच्या साधनात एक बँक आणि एक हल्लेखोर अशी दोन छोटी कॉन्ट्रॅक्ट लिहा, बँक रिकामी होताना बघा. मग शिल्लक कमी करणारी ओळ वर आणा आणि तोच हल्ला फसताना बघा.

ओव्हरफ्लोवर, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर गेला की पुन्हा शून्यापासून सुरू होण्यावर, जुन्या लेखांत पानंच्या पानं सापडतील. कॉन्ट्रॅक्ट ज्या भाषेत लिहितात त्या सॉलिडिटीत ०.८ आवृत्तीपासून याची तपासणी भाषेतच आली आहे, त्यामुळे ती मुद्दाम बंद केलेले 'अनचेक्ड' ब्लॉक तेवढे नीट वाचा आणि पुढे जा.

खरा कस कर्ज देणाऱ्या युलर फायनान्ससारख्या प्रकरणात लागतो. मार्च २०२३ मध्ये तिथून सुमारे १९ कोटी ७० लाख डॉलर गेले, पुढे त्यातले बहुतेक परतही आले. कोडची अनेक ऑडिट झालेली होती. एका फंक्शनमधून स्वतःचं तारण राखीव निधीला दान करता यायचं, पण दानानंतर कर्जाला पुरेसं तारण उरलं का, हे तपासलंच जात नव्हतं. हल्लेखोराने फ्लॅश लोन (एकाच व्यवहारात घेऊन फेडायचं विनातारण कर्ज) घेतलं, मुद्दाम स्वतःचं खातं बुडीत केलं आणि आपल्याच दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडून त्याचं लिक्विडेशन (कर्ज अंगावर घेऊन तारण ताब्यात घेणं) सवलतीत करून घेतलं. स्लिदरसारखं कोड आपोआप तपासणारं साधन रीएन्ट्रन्सीचे ठरावीक नमुने दाखवतं; असली चूक मात्र माणसालाच शोधावी लागते. म्हणून प्रत्येक फंक्शनजवळ थांबून मी विचारते, हे चालल्यानंतरही कोणती गोष्ट खरी राहायलाच हवी? उत्तर वहीत लिहायचं, मग ते मोडायचा प्रयत्न करायचा. याची सवय लागायला महिने लागतात, ते द्या.

मार्च २०२२ च्या रोनिन ब्रिज (एका चेनवरून दुसरीवर पैसे नेणारा पूल) प्रकरणात तर कॉन्ट्रॅक्टचा कोड फुटलाच नव्हता. व्यवहार मंजूर करणाऱ्या ९ पैकी ५ व्हॅलिडेटरच्या गुप्त डिजिटल चाव्या चोरांच्या हाती लागल्या आणि ६० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. तेव्हा चाव्या कोणाकडे आहेत, अपग्रेड कोण करू शकतं, हेही ऑडिटमध्येच धरा.

सरावाला ओपनझेपेलिनचं इथरनॉट, मग डॅम व्हल्नरेबल डीफाय, ही मुद्दाम सदोष ठेवलेली कॉन्ट्रॅक्ट फोडायची कोडी. उत्तरं आधी उघडू नका. त्यानंतर कोडअरेना किंवा शेरलॉकवरच्या संपलेल्या ऑडिट स्पर्धांचे रिपोर्ट वाचा. रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो, याची अनेकांना धास्ती असते. आधी बग मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा. शहराच्या पूर्व भागातली मुलं तेलुगूत सांगतात. तिला कळला की चार साध्या इंग्रजी वाक्यांत तो बसतो, आणि चालणारी टेस्ट सोबत असली की भाषेकडे कोणी फारसं बघत नाही.

चालू कॉन्ट्रॅक्टवर, जिथे लोकांचे पैसे आहेत तिथे, काहीही करून बघू नका. चेनची प्रत स्वतःच्या लॅपटॉपवर (लोकल फोर्क) घ्या, बग तिथे सिद्ध करा आणि प्रकल्पाच्या बग बाउंटीतून (चूक कळवणाऱ्याला बक्षीस देणारी योजना), बहुधा इम्युनेफाय या साइटवरून, गुपचूप कळवा. बक्षीस बहुतेकदा यूएसडीसीत (डॉलरशी जोडलेलं आभासी चलन) मिळतं, म्हणून सीएशी आधीच बोलून ठेवा: आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तिच्यातला तोटा इतर उत्पन्नातून वजा करता येत नाही.