मराठवाड्याच्या कोरड्या हवेत शोभेच्या पानांची झाडं कशी जगवायची

अ‍ॅग्लोनेमा, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन ही सगळी मूळची घनदाट जंगलातली, मोठ्या झाडांखाली वाढणारी, तिथं ऊन गाळून येतं आणि हवा कायम दमट. आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 वर आणि हवा पार कोरडी, त्यात बोअरचं जड पाणी, म्हणून खत-बित नंतर, आधी हवा आणि पाणी सांभाळा.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळची निवडा. पश्चिमेच्या गॅलरीत ठेवायचंच असेल तर 75 टक्के सावलीची हिरवी नेट लावा, नाहीतर पानं करपतात. क्रोटनला मात्र सकाळचं ऊन पाहिजेच, त्याशिवाय रंग खुलत नाही.

कूलरच्या खोलीत झाडं खुश राहतात पण थेट झोतात नको. कुंड्या एकमेकींजवळ ठेवा, खाली ट्रेमधे खडी आणि थोडं पाणी, कुंडीचं बूड पाण्यात बुडू देऊ नका. आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना अजिबात घालू नका, पाणी उडून जातं, क्षार तळाला तेवढेच राहतात.

रानातली काळी माती कुंडीत नको. ओली असली की चिकट गारा, वाळली की भेगा, मग वरून घातलेलं पाणी कडेनं सरळ खाली निघून जातं आणि मुळ्या कोरड्याच. दोन भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड, बस. कुंडी बदलायची तर जूनमधे पाऊस पडल्यावरच.

पाणी ठरल्या वाराला नाही, बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच. पानांची टोकं तपकिरी आणि कुंडीवर पांढरा थर दिसला की क्षार साठलेत समजा, पावसाचं नाहीतर एसीचं पाणी खालून वाहून जाईपर्यंत घाला. पावसाळ्यात गच्चीचं पाणी ड्रममधे झाकून ठेवलं तर फार कामाला येतं.

उन्हाळ्यात लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी अगदी बारीक कीड, हमखास येतो. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, पडलेले ठिपके चालायला लागले तर तोच. पानांची मागची बाजू पाण्यानं धुवा, मग लिटरला 5 मिली नीम तेल आणि थोडं लिक्विड सोप मिसळून संध्याकाळी फवारा, दुपारी नको.

थंडीत पारा 10 कडं उतरला की कुंड्या आत घ्या, पाणी निम्म्यावर आणा.

नवीन असाल तर मनी प्लांट, स्नेक प्लांटपासून सुरू करा, कॅलेथिया आपल्या हवेत लई अवघड जातं. घरात रांगतं लेकरू असेल तर डिफेनबेकिया घेऊच नका, पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते.