महाविद्यालयीन बेसबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात खेळाचे प्रशिक्षण म्हटले की लोकांना आधी तालमीतला वस्ताद आठवतो आणि मग पेठांचा फुटबॉल. बेसबॉलचा क्रमांक त्यानंतर बऱ्याच अंतराने लागतो. तरीही आपल्याकडच्या महाविद्यालयांतून हा खेळ खेळला जातो, असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये त्याला स्थान आहे, आणि दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या खेळाडूंपैकी एखादा तरी मला विचारतो, की सर, आता यातच पुढे काही करता येईल का? करता येते. त्यासाठी काय करावे लागते ते इथे सविस्तर सांगतो.

पहिली तयारी एका जागी दीर्घकाळ टिकून राहण्याची हवी. हा खेळ जिथे महाविद्यालयीन पातळीवर सर्वांत मोठा आहे त्या अमेरिकेतल्या प्रशिक्षकांची कारकीर्द पाहिली तरी हेच दिसते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे माइक मार्टिन 1980 ते 2019 अशी चाळीस वर्षे एकाच संघाचे मुख्य प्रशिक्षक राहिले. त्यांनी 2029 सामने जिंकले आणि सतरा वेळा संघाला ओमाहा शहरातील कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे तिथल्या महाविद्यालयांच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत नेले, पण ते विजेतेपद त्यांना एकदाही मिळाले नाही, आणि तरीही त्यांना अयशस्वी म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. स्किप बर्टमन यांनी आधी शाळेतल्या मुलांना शिकवले, मग मायामी विद्यापीठात सहायक म्हणून काम केले, 1984 मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा संघ हाती घेतला, आणि पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले ते 1991 मध्ये; त्यानंतर 2000 पर्यंत आणखी चार मिळवली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रॉड डेडो यांच्या नावावर अकरा विजेतेपदे आहेत, त्यातली पाच 1970 ते 1974 अशी सलग. त्यांचा स्वतःचा मालवाहतुकीचा व्यवसाय होता आणि विद्यापीठाकडून ते नाममात्र मानधन घेत. हे शेवटचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण आपल्याकडे फक्त बेसबॉल शिकवून घर चालेल अशी जागा सहसा नसते, आणि हे पहिल्याच दिवशी घरच्यांना स्पष्ट सांगितलेले बरे.

नोकरीचा सर्वांत भक्कम मार्ग महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदातून जातो. त्यासाठी बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी, मग किमान 55 टक्के गुणांनी एम.पी.एड. ही पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा असा क्रम असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार स्पर्धांत प्रतिनिधित्व केल्याचा पुरावा लागतो आणि क्षमता चाचणीही द्यावी लागते: तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत 1800 मीटर आणि महिला उमेदवाराने आठ मिनिटांत 1000 मीटर अंतर पार करायचे असते. म्हणून खेळत असतानाच आपली प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. हे पद मिळाल्यावर कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळेच खेळ सांभाळावे लागतात. बेसबॉलसाठी वेळ आपण स्वतः काढायचा असतो.

संघ उभा करताना तयार बेसबॉलपटू शोधू नका, कारण ते मिळत नाहीत. क्रिकेटच्या निवड चाचणीत वगळलेली मुले पाहा, आणि त्यांची गोलंदाजी न पाहता सीमारेषेवरून केलेली फेक पाहा. गोलंदाजाला कोपर सरळ करत चेंडू टाकता येत नाही, तर पिचरचा, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, सगळा जोर कोपर वाकवून उलगडण्यातच असतो, त्यामुळे चांगला गोलंदाज चांगला पिचर होईलच असे नाही. पण जो मुलगा सीमारेषेवरून यष्टिरक्षकाच्या हातात सपाट फेक पोहोचवतो, त्याचा हात दोन वर्षे देऊन घडवावा असा असतो. भालाफेक करणारी मुलेही पाहावीत. क्रिकेटमधून आलेल्या मुलांची एक सवय मात्र मोडावी लागते: ती दोन्ही हातांची ओंजळ करून झेल घेतात. ग्लोव्ह फेकण्याच्या विरुद्ध हातात असतो, झेल त्याच्या जाळीत घ्यायचा असतो, आणि चेंडू आत बसताच दुसऱ्या हाताने तो काढून फेकीला सुरुवात करायची असते. ही हालचाल अंगवळणी पडायला रोज शंभर झेल धरले तरी महिना लागतो.

गावाकडून येणाऱ्या मुलांचा विचार वेगळा करावा. कागल, पन्हाळा, गडहिंग्लज या बाजूंची मुले एस.टी.च्या पासवर येतात, आणि शेवटची सोयीची गाडी चुकली की दुसऱ्या दिवशी ती सरावाला येत नाहीत. म्हणून सरावाची वेळ गाडीच्या वेळेला धरून ठरवा. ऊसाला तोड आली की मुलगा चार दिवस शेतात अडकतो. त्याला शिक्षा करण्यापेक्षा एकदा त्याच्या घरी जाऊन वडिलांशी बोलावे. त्या एका भेटीने मुलगा तीन वर्षे टिकतो, हा माझा अनुभव आहे.

मैदान आखणे प्रशिक्षकाला स्वतःच्या हाताने आले पाहिजे. होम प्लेट म्हणजे बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो ती पाटी, आणि बेस म्हणजे धावपटूने क्रमाने गाठायचे टप्पे. होम प्लेटच्या मागच्या टोकाशी खुंटी ठोका आणि तिथून मैदानाच्या मध्याच्या दिशेने 38.80 मीटर मोजून दुसरा बेस ठेवा. मग एक फीत होम प्लेटपासून आणि दुसरी दुसऱ्या बेसपासून 27.43 मीटर ताणा. दोन्ही फिती उजव्या बाजूला जिथे मिळतात तिथे पहिला बेस आणि डाव्या बाजूला मिळतात तिथे तिसरा बेस येतो. पिचरची पट्टी होम प्लेटच्या टोकापासून 18.44 मीटरवर. खुंट्यांना सुतळी बांधून तिच्यावरून फक्की मारली की रेघ वाकडी जात नाही. हे काम खेळाडूंबरोबर करावे, कारण ज्याने अंतर स्वतः मोजले त्याला ते धावतानाही कळते.

आता पिचरच्या हाताविषयी, आणि हा भाग मी सर्वांत कळकळीने लिहितो. माझ्या सुरुवातीच्या काळात एका विभागीय स्पर्धेत माझ्याकडे एकच भरवशाचा पिचर होता. त्याला मी सलग दोन दिवस पूर्ण सामने खेळवले. दुसऱ्या दिवशी पाचव्या इनिंगनंतर तो हात झटकत डगआउटमध्ये, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेत आला, तेव्हा मी विचारले, आणि तो म्हणाला, “काय न्हाई सर, टाकतो की.” मी त्याचे ऐकले. सामना जिंकलो, पुढे कित्येक महिने त्याला डोक्यावरून शर्ट काढतानाही कोपर दुखे, आणि तो पुन्हा पिचर म्हणून उभा राहिला नाही. ती चूक पूर्णपणे माझी होती. त्या वयाचा मुलगा दुखते असे सांगणार नाही, हे ओळखणे हेच माझे काम होते.

अमेरिकेत यासाठी ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांनुसार 17 ते 18 वयाच्या पिचरने दिवसाला जास्तीत जास्त 105 आणि 19 ते 22 वयाच्या पिचरने 120 चेंडू टाकावेत. 30 पेक्षा जास्त टाकले तर किमान एक दिवस आणि 80 पेक्षा जास्त टाकले तर किमान चार दिवस विश्रांती द्यावी. आपल्या स्पर्धा दोन-तीन दिवसांत उरकतात, त्यामुळे या हिशेबात एका पिचरवर स्पर्धा जिंकताच येत नाही. म्हणून पहिल्या वर्षापासून किमान चार पिचर तयार करा, आणि चेंडू मोजण्यासाठी एका राखीव खेळाडूला वही-पेन देऊन बसवा. सराव आणि सामना यांतले चेंडू एकाच वहीत मोजावेत. आकडा गाठला की पिचर बदलायचा, मग तिन्ही बेसवर विरोधी धावपटू उभे असोत किंवा समोर अंतिम सामना असो.

तीच वही पुढे प्रशिक्षकाची खरी मिळकत होते. प्रत्येक बॅटर कोणत्या चेंडूवर चुकला, कोण पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतो, होम प्लेटमागे चेंडू धरणाऱ्या कोणत्या कॅचरची दुसऱ्या बेसकडची फेक उंच जाते, हे तारखेसह लिहून ठेवावे. तीन हंगामांच्या नोंदी हाती असल्या की निवडीबाबत कोणी तक्रार केली तर पाने उघडून दाखवता येतात, आणि मुलांचाही विश्वास बसतो.

पावसाळ्यात इथले मैदान चिखलाचे असते. त्या दिवसांत व्हरांड्यात भिंतीवर टेनिस चेंडूने झेलांचा सराव घ्यावा, पिचरच्या हातात चेंडूऐवजी टॉवेल देऊन फेकीची ढब घोटून घ्यावी, आणि नियमांचे पुस्तक एकत्र वाचावे. पात्रता अर्ज, प्रवेशाच्या पावत्या आणि ओळखपत्रे यांची फाईलही याच काळात पूर्ण करावी, कारण एका अपुऱ्या कागदापायी खेळाडू बाद होतो. साहित्याची मागणी जिमखाना समितीपुढे वर्षाच्या सुरुवातीलाच ठेवावी. कॅचरचा मुखवटा, छातीचे कवच आणि बॅटरची हेल्मेट आधी मागावीत, बॅट नंतर.

चार-पाच वर्षे झाली की तुमचेच माजी खेळाडू संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभे राहू लागतील. त्यांतला जो वहीत डोकावून प्रश्न विचारतो, त्याला सहायक म्हणून घ्या. पहिले वर्षभर त्याच्याकडून सरावासाठी ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत जाणारे चेंडू, मारून घ्या, दुसऱ्या वर्षी पिचरची मोजणी त्याच्या हाती द्या, आणि तिसऱ्या वर्षी एका खऱ्या सामन्यात तिसऱ्या बेसजवळ उभे राहून धावपटूंना खुणा करण्याचे काम पूर्णपणे त्याच्यावर सोपवा. त्याने एखाद्याला चुकीच्या वेळी होम प्लेटकडे पळवले तरी त्या सामन्यात त्याला मागे बोलावू नका.