रिसेप्टर-संकेतनाचा संगणकीय अभ्यास : या चुका टाळा

डॉकिंगमध्ये, म्हणजे रेणू रिसेप्टरमध्ये (पेशीवरील संकेत ग्रहण करणाऱ्या प्रथिनात) कसा बसेल याच्या संगणकीय अंदाजात, एखाद्या रेणूला उत्तम गुण मिळाले म्हणजे तो रिसेप्टरला उत्तेजित करील, असे गृहीत धरणे ही या क्षेत्रातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अवरोधक रेणूही रिसेप्टरला तितकाच घट्ट चिकटू शकतो. त्यानंतर रिसेप्टर कोणता आकार धारण करतो, यावर पेशीत पुढे जाणारा संकेत ठरतो. ॲड्रेनॅलिनला प्रतिसाद देणाऱ्या बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टरची २००७ साली प्रसिद्ध झालेली रचना निष्क्रिय अवस्थेतील होती. जी-प्रथिनाशी (रिसेप्टरचा संकेत पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनाशी) जोडलेली सक्रिय रचना २०११ साली हाती आली, तेव्हा पेशीपटलातून आरपार जाणाऱ्या त्याच्या सर्पिलाकार भागांपैकी सहाव्या सर्पिलाचे पेशीच्या आतील टोक सुमारे १४ अँगस्ट्रॉम (१.४ नॅनोमीटर) बाहेर सरकलेले दिसले. त्यामुळे निष्क्रिय रचनेवर उत्तेजक शोधू लागल्यास खरे उत्तेजक यादीत खाली घसरू शकतात. ज्ञात उत्तेजकांना वाईट गुण मिळत असतील, तर गुणांकनाचे सूत्र बदलण्याआधी रचना कोणत्या अवस्थेतील आहे आणि तिच्यात मूळचा कोणता रेणू बसला होता, हे पाहावे. स्फटिक मिळावा म्हणून जोडलेले परके प्रथिन काढले आहे ना, याचीही खात्री करावी. २००७ च्या रचनेत ते टी-४ लायसोझाइम होते.

विद्युतभाराकडे दुर्लक्ष ही दुसरी नेहमीची चूक. ॲड्रेनॅलिनसारख्या रेणूचा अमाइन (नायट्रोजनयुक्त) गट शरीरात बहुतांशी धनभारित असतो आणि तिसऱ्या सर्पिलातील ॲस्पार्टेट या ऋणभारित अमिनो आम्लाशी बांधला जातो. फाइल तयार करताना हा भार हरवला, तर पुढची सारी गणिते चुकतात.

सक्रिय रचनेपासून सुरू केलेले सिम्युलेशन, म्हणजे अणूंच्या हालचालींचे संगणकीय अनुकरण, काही मायक्रोसेकंदांत निष्क्रियतेकडे झुकले, की रेणू निरुपयोगी आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो. वास्तविक, जी-प्रथिन काढून टाकले असता उत्तेजक बसलेला असूनही रिसेप्टर असा परतू शकतो, कारण सक्रिय आकाराला या दोघांचाही आधार लागतो. सिम्युलेशनच्या एकाच धावेवर विसंबू नये. अणूंचे आरंभीचे वेग बदलून अनेक स्वतंत्र धावा घ्याव्यात आणि त्यांत फार तफावत आढळल्यास धावांचा कालावधी अपुरा असल्याची शंका घ्यावी.

प्रयोगाशी तुलना करताना, निम्म्या परिणामास लागणारी संहती म्हणजेच बंधनाची ताकद, असे मानू नये. पेशीत रिसेप्टर विपुल असतील, तर त्यांचा थोडा भाग व्यापला जाताच पूर्ण परिणाम दिसू शकतो, आणि मग गणित बरोबर असूनही आकडे जुळत नाहीत.