तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार ऐकण्यासाठी हेल्महोल्ट्झचा अनुनादक घरी कसा करावा

पुण्यात गाणे शिकणाऱ्या प्रत्येकाला गुरूने कधी ना कधी सांगितलेले असते की तानपुऱ्याच्या खरजातून, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाच्या तारेतून, गंधार आपोआप उमटतो. मात्र तो ऐकू येण्यासाठी काहींना वर्षे लागतात. हाच प्रश्न जर्मन पदार्थवैज्ञानिक आणि शरीरक्रियावैज्ञानिक हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ (1821–1894) यांनी युरोपीय वाद्यांच्या संदर्भात हाताळला. वाद्याचा एक स्वर हा मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंप्रतेचे उपस्वर यांचा समूह असतो आणि या उपस्वरांच्या कमीअधिक जोरावर त्या वाद्याचा नादगुण ठरतो, हे त्यांनी 1863 साली प्रसिद्ध झालेल्या स्वरसंवेदनेवरील ग्रंथात मांडले. एकेक उपस्वर वेगळा ऐकण्यासाठी त्यांनी काचेचे व पितळेचे पोकळ गोल, म्हणजेच अनुनादक, वापरले, ज्यांच्या एका बाजूला उघडे तोंड आणि दुसऱ्या बाजूला कानात बसणारी निमुळती नळी असे. तसे साधन औषधाच्या रिकाम्या बाटलीतून करता येते.

सुमारे 200 मिलीची, जाड आणि कडक प्लास्टिकची बाटली घ्यावी व ती स्वच्छ धुऊन वाळवावी. मानेच्या खाली, खांद्यापाशी, तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडून त्यात सुमारे 15 सेंटिमीटर लांबीची बारीक, लवचिक नळी जेमतेम आत शिरेल इतकीच बसवावी आणि भोवतीची फट एम-सीलने पूर्ण बुजवावी. भोक तळाशी पाडू नये, कारण बाटली पाणी घालून जुळवायची आहे. नळीचे दुसरे टोक कानाच्या तोंडाशी अलगद टेकेल एवढा कापूस त्याभोवती गुंडाळावा. ते कानात खोल कधीही सारू नये.

आता हिशेब. मानेतली हवा ही वस्तुमानासारखी आणि पोटातली हवा ही स्प्रिंगसारखी वागते, म्हणून बाटलीची कंप्रता काढण्यासाठी मानेच्या छेदाच्या क्षेत्रफळाला पोटाचे आकारमान आणि मानेची लांबी यांच्या गुणाकाराने भागावे, त्याचे वर्गमूळ घ्यावे, त्याला ध्वनीच्या वेगाने गुणावे आणि 2π ने भागावे. मानेच्या मोजलेल्या लांबीत तिच्या त्रिज्येची साधारण दीडपट मिळवावी लागते, कारण तोंडाबाहेरची आणि आतली थोडी हवाही तिच्याबरोबर हलते. मानेचा आतला व्यास 1.6 सेंटिमीटर, लांबी 2 सेंटिमीटर आणि पोट 200 मिलीचे असेल, तर 25 अंश तापमानाला उत्तर सुमारे 309 हर्ट्झ येते. (ज्यांच्या नावाने हे एकक ओळखले जाते ते हाइन्रिश हर्ट्झ हेल्महोल्ट्झ यांचेच विद्यार्थी.)

तानपुरा काळी एकमध्ये (हार्मोनिअमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) लावला असेल आणि पुरुष गायकाचा मध्य षड्ज 138.6 हर्ट्झ असेल, तर खरज 69.3 हर्ट्झचा होतो आणि त्याचा पाचवा उपस्वर 346.5 हर्ट्झवर येतो. हाच आपला गंधार. मध्य षड्जाच्या हिशेबाने तो तार सप्तकातला आहे, आणि जोडीच्या (मध्य षड्जाच्या) किंवा पंचमाच्या तारेचा कोणताही उपस्वर या जागी पडत नसल्यामुळे तो येतो तो खरजातूनच. बाटली 309 वरून 346.5 वर चढवण्यासाठी पोटातली हवा सुमारे 159 मिलीपर्यंत कमी करावी, म्हणजेच बिनसुईच्या सिरिंजने सुमारे 41 मिली पाणी घालावे. नंतर नळीचे टोक बोटाने बंद करून बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारावी आणि ट्यूनरवर आकडा पाहून दोनचार मिली पाणी कमीजास्त करावे. ओठांनी तोंड झाकले गेले तर स्वर उतरतो, म्हणून फुंकर थोडी दुरून असावी.

पुण्याचे हवामान येथे आड येते. डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 337 मीटर असतो, तर एप्रिलच्या दुपारी 40 अंशांना तो सुमारे 355 मीटर होतो, त्यामुळे थंडीत जुळवलेली तीच बाटली उन्हाळ्यात जवळजवळ अर्धा स्वर चढी बोलते. बसण्यापूर्वी दर वेळी ती तपासावी. शक्यतो रस्त्यावरची रहदारी सुरू होण्याआधी, पहाटे बसावे.

एक कान बोटाने बंद करून दुसऱ्याला नळी लावावी आणि आधी केवळ खरजाची तार छेडावी. क्षणभर काही वेगळे वाटत नाही, पण खरजाचा पहिला भर ओसरू लागला की नळीतून गंधार भरून येतो आणि तारेच्या नादाबरोबर हळूहळू विरतो. नळी दोनचार वेळा लावून-काढून ऐकल्यावर तो नुसत्या कानानेही सापडू लागतो. मला या प्रयोगातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

यानंतर हार्मोनिअमवर पांढरी चार, 349 हर्ट्झची, दाबून धरावी आणि खरज छेडावा. नळीतून सेकंदाला जवळजवळ तीन वेळा डोलणारा आवाज ऐकू येईल, कारण समविभागी (बारा सारख्या भागांत विभागलेल्या) सप्तकातला गंधार स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. हेल्महोल्ट्झ यांनाही हे तडजोडीचे स्वर खटकत आणि त्यांनी शुद्ध अंतरांची हार्मोनिअम श्टुटगार्टला मुद्दाम बनवून घेतली होती.

शेवटी घोडीपासून (तारा भोपळ्यावरच्या ज्या पट्टीवर टेकतात तिथपासून) तारेच्या लांबीच्या एक पंचमांशावर बोट नेऊन तिथे तार छेडावी. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमानुसार ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू (तार जिथे हलत नाही ती जागा) छेडण्याच्या जागी पडतो, तो उपस्वर उमटू नये, म्हणजे येथे गंधार नाहीसा व्हायला हवा. पण जवारी लागलेल्या, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा नेमका बसवलेल्या, तानपुऱ्यात तो ऐकू येतो. हेल्महोल्ट्झ यांच्या ग्रंथाने भारावलेल्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली तानपुरा आणि वीणा यांच्याबाबत नेमके हेच नोंदवले आणि त्याचे कारण घोडीच्या रुंद, वक्र माथ्यात असल्याचे दाखवले. जवारीचा दोरा काढून त्याच जागी पुन्हा तार छेडावी आणि नळीतून गंधार किती उरतो ते ऐकावे.