पहिला गिटार ॲम्प घेताय? वॅट नंतर बघा, आधी क्लीन ऐका

आमच्या सांगलीत साऊंड म्हटलं की लोकांना पहिली डॉल्बी आठवते, त्यामुळं पोरगं ॲम्प घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, किती वॅटचा हाय? ओळखीतली पोरं आणि त्यांचे आईबाप मलाही हेच विचारतात म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

आधी तुमची गिटार कुठली ते बघा. साधी अकूस्टिक असंल, पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) नसंल, तर ॲम्प लागतच नाही, ते पैसे चांगल्या तारा आणि सेटअपला घाला. आपल्याकडं जिला सेमी-अकूस्टिक म्हणतात, म्हणजे पोकळ गिटारीला जॅक आणि बाजूला इक्वलायझरची डबी, तिच्यासाठी अकूस्टिकचा ॲम्प वेगळा येतो. इलेक्ट्रिकच्या ॲम्पचा स्पीकर साधारण ५-६ हजार हर्ट्झच्या वर जवळपास गप होतो आणि अकूस्टिकचा खुळखुळीतपणा नेमका तिथंच असतो. इलेक्ट्रिकला मात्र असाच स्पीकर पाहिजे, नाहीतर डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला फाटका खरखरीत आवाज, लावलं की कानात सुया टोचतात.

आणि घरात होम थिएटर हाय की, त्यालाच लावू, असं करू नका. गिटारच्या पिकअपला १ मेगाओमच्या (दहा लाख ओम) आसपासचं इनपुट लागतं, माइकचं किंवा ऑक्सचं इनपुट त्यामानानं लई कमी ओमचं असतं, मग वरचे सूर दबतात आणि आवाज गोधडीखालनं आल्यासारखा येतो. पोराला वाटतं गिटारच खराब आहे.

आता वॅट. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० पट वॅट लागतात, म्हणजे बाकी सगळं सारखं असंल तर १०० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या दुप्पटच मोठा वाटतो, दहापट नाही. दहा बाय बाराच्या खोलीत १० ते १५ वॅट भरपूर झाले. मोठा घेतला तर त्याचा व्हॉल्यूम कायम एकच्या आसपास ठेवावा लागतो आणि तिथं नॉब केसभर हलला तरी आवाज एकदम उडी मारतो, आई आतनं ओरडते, आणि आठवड्याभरात ॲम्पवर चादर पडते. वॅटपेक्षा स्पीकरचा आकार बघा, बजेटमध्ये बसत असंल तर ६ इंचापेक्षा ८ इंची घ्या, खालच्या तारा भरून ऐकू येतात.

मागच्या दिवाळीत शेजारच्या काकांच्या पोराबरोबर दुकानात गेलो होतो. दुकानदारानं सवयीप्रमाणं गेन, म्हणजे डिस्टॉर्शन वाढवणारा नॉब, पूर्ण वर केला, एक पॉवर कॉर्ड (रॉकमधली दोन-तीन तारांची जोरकस कॉर्ड) मारली, पोराचं तोंड असं फुललं की तो तिथंच पैसे द्यायला निघाला. मी म्हटलं दादा, जरा क्लीनला, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, घ्या. गेन खाली, ट्रेबल-मिड-बास सगळे मधोमध, आणि घरनं आणलेल्या गिटारीची सगळ्यात जाड तार एकदाच छेडून सोडली. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावणारा माणूस जसा कान देऊन सूर विरेपर्यंत थांबतो तसं थांबायचं, बोलायचं नाही. त्या ॲम्पमध्ये सूर विरताना मागं पत्रा थरथरल्यासारखी खर्र ऐकू आली. दुसरा लावला, तो दिसायला लहान, पण सूर शेवटपर्यंत स्वच्छ. काका म्हणाले, "अहो पण हा छोटा दिसतोय की, गॅदरिंगला पुरंल का?" पुरतो, समोर माइक लावला की झालं.

क्लीनवर माझा एवढा जोर का, तर डिस्टॉर्शन सगळं एका पातळीवर आणून ठेवतं, हळू मारलेली तार आणि जोरात मारलेली तार जवळपास सारखीच वाजते. बोट फ्रेटवर नीट दाबलं नाही, एक तार मुकी राहिली, हे त्या गोंगाटात कळतच नाही, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच कळायला पाहिजे.

हेडफोनचं सॉकेट नसलेला ॲम्प घेऊच नका, ऑक्स किंवा ब्लूटूथ असंल तर गाण्याबरोबर वाजवता येतं. मॉडेलिंगवाले, म्हणजे वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारे, फेंडर मस्टँग किंवा बॉस कटाना यांच्यासारखे, चांगले आहेत, कटाना ५० मध्ये पॉवर अर्ध्या वॅटवर आणता येते हे घरासाठी फार कामाचं. फक्त पोरगं आवाज बदलण्यातच तास घालवत असंल तर साधा चार नॉबचा बरा. ट्यूबचा, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा, ॲम्प सुरुवातीला नको, त्याची मजा आवाज वाढवल्यावर येते आणि ट्यूबा झिजल्या की बदलायचा खर्च वेगळाच.

विजेचं मात्र नीट वाचा. माझा पहिला ॲम्प एका नातेवाइकानं अमेरिकेतनं आणलेला, मी खुशीत तसाच भिंतीतल्या सॉकेटला लावला, तिकडं १२० व्होल्ट आणि आपल्याकडं २३०, जळका वास आला आणि संपलं, एक सूरसुद्धा वाजवला नव्हता. मागं लिहिलेलं व्होल्टेज वाचा. तीन पिनचा प्लग असंल तर अर्थिंगची पिन कधीही कापू नका. तारांना हात लावल्यावर घुंईं कमी झाली तर घाबरायचं कारण नाही, पण हाताला झिणझिण्या आल्या तर लगेच बंद करून आधी वायरमनला बोलवा. वळवाचा पाऊस कडकडायला लागला की प्लग काढून ठेवा.

सेकंड हँड घेणार असाल तर सांगलीत एक गोष्ट जास्तीची बघावी लागते, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी घरांत पाणी शिरलेलं. ॲम्प उलटा करा, खालच्या स्क्रूंना गंज, तळाचं लाकूड फुगलेलं, कापडाला कुबट वास, यातलं काहीही दिसलं तर कितीही स्वस्त मिळू दे, सोडून द्या. मग प्रत्येक नॉब फिरवून खरखर येते का ऐका, आणि जॅक हलवून आवाज तुटतो का बघा.

घरी आणल्यावर तो फरशीवर ठेवू नका, स्टुलावर किंवा खुर्चीत कानाच्या उंचीला ठेवा. वरचे सूर सरळ रेषेत जातात, ॲम्प खाली असला की ते गुडघ्याला लागतात, तुम्हाला आवाज दबका वाटतो आणि तुम्ही उगाच ट्रेबल वाढवत बसता, समोर बसलेल्याचे कान मात्र फाटतात. केबल ३ मीटरची पुरते, आणि ती लावताना-काढताना व्हॉल्यूम शून्यावर.