पंच नसलेली पूल लीग भांडणाविना कशी खेळावी

बेळगावात काय, खानापूर-निपाणीत काय, हौशी पूल लीगला पंच परवडत नाही. (पूल म्हणजे क्यूने, म्हणजे लांब काठीने, टेबलावरचे बॉल पॉकेटात घालायचा खेळ.) टेबलापाशी असतात दोन खेळाडू, बाकावर त्यांचे दोस्त आणि काउंटरवरून अधूनमधून डोकावणारा पार्लरवाला. त्यामुळे नियम सांभाळायचं काम खेळणाऱ्यांच्याच गळ्यात पडतं. मुद्दाम लबाडी करणारे तसे थोडेच असतात. वाद पेटतो तो बहुतेक वेळा दोघांच्या डोक्यात वेगवेगळे नियम असतात म्हणून, नाहीतर शॉटच्या आधी बोलायचं ते शॉट झाल्यावर बोललं जातं म्हणून. या दोन्हींचा बंदोबस्त करता येतो.

१. पहिल्या मॅचच्या आधी नियमांचा एक कागद करा

आपल्याकडे एका टेबलावर नाना तऱ्हेची माणसं येतात. कोणी कोल्हापुरात शिकलेला, कोणी गोव्यात, कोणाचा हात स्नूकरवर बसलेला. लाल-पिवळ्या बॉलच्या छोट्या टेबलावर खेळलेला माणूस फाऊलनंतर दोन टर्न मागतो. नंबरवाल्या बॉलवर खेळलेला माणूस पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा, बॉल उचलून हवा तिथे ठेवतो. तिसरा म्हणतो, रेषेच्या मागूनच मारायचं. आपापल्या खेळात तिघेही बरोबर असतात, म्हणून तर कोणी माघार घेत नाही.

एकच नियमावली ठरवा. नंबरवाल्या बॉलवर लीग असेल तर जागतिक पूल संघटनेचे आठ-बॉलचे नियम घ्यावेत, असं माझं मत. कागदावर निदान एवढं हवंच: ब्रेकला, म्हणजे पहिल्या शॉटला, बॉल पडला नाही तर किमान ४ बॉल कुशनला (टेबलाच्या रबरी कडेला) लागले पाहिजेत. ब्रेकवर बॉल पडला तरी कोणाचे सॉलिड (पूर्ण रंगाचे) आणि कोणाचे स्ट्राइप (पट्ट्यांचे) हे लगेच ठरत नाही, टेबल ओपनच राहतं. फाऊल झाला की समोरच्याला बॉल इन हॅन्ड, म्हणजे पांढरा उचलून टेबलावर कुठेही ठेवायचा. आठ नंबरचा काळा सांगितलेल्या पॉकेटातच गेला पाहिजे. दुसऱ्या पॉकेटात गेला, किंवा तो पडला त्याच शॉटला फाऊल झाला, तर फ्रेम (तो डाव) गेली.

आणखी एक नियम जाड अक्षरांत लिहा, कारण तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. पांढरा आपल्या बॉलला लागल्यावर एकतर कुठलातरी बॉल पॉकेटात गेला पाहिजे, नाहीतर कुठलातरी बॉल कुशनला लागला पाहिजे. दोन्ही झालं नाही तर फाऊल. नुसतं हळूच टेकवून ठेवणं चालत नाही.

कागद एका पानाचा, मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी, टेबलाजवळच्या भिंतीवर चिकटवलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ कोणी उघडत नाही.

२. आपला फाऊल आपणच सांगा

शर्टाची बाही पांढऱ्याला लागली, बॉल अजून फिरत असताना शॉट मारला, वाकताना दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. हे पहिल्यांदा कळतं ते मारणाऱ्याला. अशा वेळी उभं राहायचं, समोरच्याला ऐकू जाईल असं ‘फाऊल’ म्हणायचं आणि टेबलापासून बाजूला व्हायचं. ‘बघितलंस काय?’ अशा नजरेनं वाट बघत बसू नये. स्नूकरमध्ये ही रीत जुनी आहे. तो खेळ १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, आणि आपला फाऊल आपण सांगणं ही त्या खेळातली साधी रीतभात समजली जाते. बेळगावसारख्या कॅम्पच्या गावाला ती जड जायचं कारण नाही.

समोरच्यानेही वेळेत बोलायचं असतं. पुढचा शॉट सुरू होईपर्यंत फाऊल सांगितला नाही, तर तो झालाच नाही असं धरतात. तीन शॉट झाल्यावर ‘मघाशी टच झालं होतं की!’ म्हणण्याला अर्थ नाही.

पंच नसताना एक सवलत ठेवता येते, आणि ती ठेवावी. चुकून हात पांढऱ्याला लागला तर फाऊल, पण दुसऱ्या बॉलला लागून तो जरा हलला तर फाऊल धरायचा नाही. तो बॉल आहे तिथे ठेवायचा की मूळ जागी, हे समोरच्याने ठरवायचं. मारणाऱ्याने स्वतः सरकवून ‘इथंच होता’ म्हणायचं नाही. मात्र हललेला बॉल दुसऱ्या बॉलला लागला, किंवा त्याच्या मूळ जागेवरून एखादा बॉल गेला, तर फाऊलच.

३. जवळचा शॉट: मारण्याआधी थांबा

निम्मी भांडणं इथे होतात. पांढरा आणि समोरचा बॉल यांच्यात चॉकच्या तुकड्याएवढीच फट आहे आणि खेळाडू सरळ रेषेत जोरात मारतो. क्यूची टोपी (पुढचं टोक) पांढऱ्याला लागते, पांढरा पुढच्यावर आपटून थबकतो, आणि पुढे येत असलेली टोपी त्याला पुन्हा लागते. हा डबल हिट, म्हणजे फाऊल. कानाला ‘टक्-टक्’ वेगळं ऐकू येईलच असं नाही, म्हणून डोळ्यांनी ओळखा. दोन्ही बॉल सारख्याच वजनाचे असतात. भरून टक्कर झाली की पांढऱ्याने जवळजवळ सगळा वेग पुढच्याला देऊन क्षणभर तरी अडखळायला हवं. तो पुढच्याच्या पाठोपाठ तेवढ्याच वेगाने धावत सुटला, तर डबल हिट झालाच म्हणून समजा. टाळायचा असेल तर क्यूची मागची बाजू उचलून मारा, किंवा तिरकं मारा.

दोन बॉल चिकटलेलेच असतील तर गोष्ट उलटी. पूलमध्ये साध्या स्ट्रोकने थेट त्या बॉलच्या दिशेने मारलं तरी चालतं. स्नूकरमध्ये चिकटलेल्या बॉलपासून लांब मारावं लागतं. स्नूकरवाला आणि पूलवाला समोरासमोर आले की इथे आवाज चढतो, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटत असतं.

म्हणून शॉटच्या आधी दोघांनी वाकून बघावं आणि तोंडाने ठरवावं: ‘चिकटलाय, बरोबर ना?’ ‘व्हय, चिकटलाय.’ एखादा बॉल कुशनला चिकटला असेल तर तेही आधीच जाहीर करा. कोणीच बोललं नाही तर तो चिकटलेला नाही असं धरतात. चिकटलेला ठरला, तर कुशन सुटून परत लागल्याशिवाय तो कुशनला लागला असं मोजत नाहीत.

कुठला बॉल आधी लागेल अशी शंका असेल तर समोरच्याने हात वर करून ‘थांबा, कोणाला तरी बघू द्या’ म्हणावं. दोघांना मान्य असेल असा तिसरा माणूस शॉटच्या बाजूला उभा करावा, आणि त्याचा शब्द शेवटचा. दोन बॉल एकदमच लागल्यासारखे वाटले आणि ठरवता येईना, तर आपला बॉल आधी लागला असं मानतात, म्हणजे मारणाऱ्याचा फायदा.

४. बाकावरच्यांना आवरा

हे काम कॅप्टनचं. शॉटच्या रेषेत समोर उभं राहणं, ऐन मारताना चॉक घासणं, ‘जातंय काय बघू’ म्हणणं, फोन स्पीकरवर ठेवणं, सगळं बंद. आपल्या माणसाला ‘डावीकडचा मार’ सांगणंही बंद. सल्ला द्यायचा असेल तर लीगने टाइमआउट ठेवावा. चांगल्या शॉटला समोरच्या टीमने क्यूचा दांडा जमिनीवर हलका आपटला की छान वाटतं, पण त्याची सक्ती नको.

५. पैसे, वेळ आणि हँडिकॅप

हरेल त्याने टेबलाचे पैसे भरायचे ही पार्लरची पद्धत लीगमध्ये आणू नका. भाडं निम्मंनिम्मं करा. एका फाऊलवर दोनशे रुपये टांगलेले असले की भला माणूसही नियम शोधायला लागतो. वेळेचंही तसंच. निपाणीहून एसटीने येणारा पाऊण-एक तास उशिरा आला तर काय, हे आधी लिहून ठेवा. मी १५ मिनिटांची सूट आणि नंतर दर १५ मिनिटांना एक फ्रेम गेली असं सुचवेन, पण घाटमाथ्याच्या पावसात जरा ढिलं सोडावं लागतं.

हँडिकॅप (कच्च्या-पक्क्या खेळाडूंची बरोबरी साधायला प्रत्येकाला लावलेला आकडा) असेल तर खरी लबाडी तिथे शिरते: हँडिकॅप सोपा राहावा म्हणून लीगच्या मॅचेस मुद्दाम हरायच्या आणि फायनलला खरा हात दाखवायचा. हे एका मॅचवरून पकडता येत नाही. प्रत्येक फ्रेम स्कोअरशीटवर लिहा, दोन्ही कॅप्टनच्या सह्या त्याच रात्री घ्या, आणि दर चार-पाच मॅचनंतर दोन्ही टीममध्ये नसलेल्या तिघांनी हँडिकॅप नव्याने ठरवावेत. कोणावर आरोप न करता आकडा वाढवता येतो, हा या पद्धतीचा फायदा.

६. तरीही वाद झालाच तर

क्यू खाली ठेवा आणि एकाही बॉलला हात लावू नका. मोबाइलवर टेबलाचा फोटो काढा. दोन्ही कॅप्टननी भिंतीवरचा कागद वाचावा. कागदावर उत्तर नसेल तर ती फ्रेम पुन्हा लावावी आणि नवा नियम पुढच्या मॅचपासून कागदावर चढवावा, त्या रात्रीपासून नाही. तक्रार लेखी, २४ तासांच्या आत, कॅप्टननेच द्यायची. शिवीगाळ किंवा क्यू आपटणं झालं तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा फ्रेम, तिसऱ्यांदा मॅच. आणि ही शिक्षा आयोजकाच्या भावालासुद्धा लागू, हे कागदावरच लिहा.