मृत्युपत्रं आणि दानाचे कागद करणारी वकिली: नव्याने येणाऱ्यांसाठी साताऱ्यातून

लॉ कॉलेजची मुलं सुट्टीत ऑफिसला येतात तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो. "मॅडम, मृत्युपत्र लिहायला शिकायला किती दिवस लागतात?" मी सांगते, मसुदा आठवड्यात जमेल. पण आपण केलेलं मृत्युपत्र कोर्टात टिकतं का हे कळायला ज्याचं ते मृत्युपत्र, तो माणूस जावा लागतो. तोवर दहा-पंधरा वर्षं गेलेली असतात आणि चूक दुरुस्त करायला सही करणारा उरलेला नसतो.

मी साताऱ्यात अठरा वर्षं वकिली करते. त्यातली शेवटची अकरा वर्षं बहुतेक सगळं काम मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, वारस दाखले, घरगुती वाटण्या आणि सार्वजनिक ट्रस्ट यांचंच आहे. परदेशात या कामाचा बराच भाग वारसा कराभोवती फिरतो. आपल्याकडे इस्टेट ड्युटी १९८५ सालीच रद्द झाली, त्यामुळे कर वाचवायला म्हणून माझ्याकडे कुणी मृत्युपत्र करत नाही. लोक येतात ते काळजीपोटी. पोरं भांडतील, धाकट्याला घराबाहेर काढतील, लेकीला काही उरणार नाही, नाहीतर आयुष्यभर जमवलेलं चार चांगल्या हातांत पडायला हवं.

शिक्षणाचा रस्ता सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन, त्याआधी सीईटी. मी पदवीनंतर साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजात शिकले. सांगलीकडच्या मुलांना एन. एस. सोटी लॉ कॉलेज जवळ पडतं. मग बार कौन्सिलची सनद आणि ऑल इंडिया बार एक्झाम. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सनदेची फी कायद्यात लिहिली आहे तेवढीच, म्हणजे खुल्या गटाला ७५० रुपये, घ्यायला सांगितली. आमच्या वेळी फी बरीच जास्त होती, त्या पैशाची जुळवाजुळव हेच पहिलं काम असायचं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. सातारा-सांगलीच्या ज्युनियरला अपिलाचं काम शिकायला आता मुंबई गाठावी लागत नाही. याचा फायदा घ्या.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. सनद मिळाली की लगेच मृत्युपत्रं लिहायला बसू नका. आधी पाच-सात वर्षं दिवाणी कोर्टात जुन्या मृत्युपत्रांची भांडणं बघा. साक्षीदार उलटतपासणीत कुठे अडखळतो, हस्ताक्षर तज्ज्ञ काय सांगतो, न्यायाधीश कुठल्या ओळीवर थांबतात, हे पाहिल्याशिवाय लिहिणाऱ्याच्या हाताला भीती येत नाही, आणि या कामात ती भीती हवीच.

मला ती भीती माझ्याच चुकीने आली. वकिलीच्या चौथ्या वर्षी कोरेगाव तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं मृत्युपत्र मी केलं. भाषा चोख, गट नंबर बरोबर, डॉक्टरांचा दाखला जोडलेला. साक्षीदार म्हणून गुरुजींनी आपले दोन मित्र आणले, दोघेही त्यांच्याच वयाचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गुरुजी गेले आणि पुतण्याने मृत्युपत्र खोटं आहे म्हणून दावा लावला, तेव्हा एक साक्षीदार केव्हाच वारला होता आणि दुसऱ्याला स्वतःचं नावही आठवत नव्हतं. १९२५च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम ६३ सांगतं की किमान दोन साक्षीदार हवेत. पण पुढे ते सिद्ध करताना त्यांच्यातला निदान एक जण, जिवंत आणि साक्ष देण्याजोगा असेल तर, कोर्टात उभा करावा लागतो. दोघेही नसले की सह्या आणि हस्ताक्षरं ओळखणारी माणसं शोधत फिरायचं. गुरुजींच्या सूनबाई पाच वर्षं तारखांना येत होत्या. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण ती पाच वर्षं माझ्यामुळे गेली. तेव्हापासून साक्षीदाराचं वय विचारल्याशिवाय मी पेन उघडत नाही.

दुसरी सवय चहाची. मुलगा वडिलांना घेऊन येतो, खुर्चीत बसवतो आणि वडिलांच्या वतीने स्वतःच बोलायला लागतो. मी त्याला म्हणते, दादा, खाली जाऊन चहा घेऊन या, अर्ध्या तासाने या. तो गेला की आबा काय बोलतात ते ऐकायचं. निम्म्या वेळा मुलाने सांगितलेलं आणि आबांनी सांगितलेलं जुळत नाही. यामागे कायदाही आहे. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात संशयास्पद परिस्थितीबद्दल स्पष्ट लिहून ठेवलं. ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, सही थरथरती असेल, जवळच्या वारसाला कारणाशिवाय डावललेलं असेल, तर तो संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर येते. म्हणून कुणाला कमी दिलं तर का दिलं, हे मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेते. "थोरल्याच्या शिक्षणाला आणि पुण्याच्या फ्लॅटला मी पैसे दिले आहेत, सबब" असं एक साधं वाक्य पुढे दहा वर्षांचा दावा टाळू शकतं.

नोंदणी सक्तीची नाही, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही लागत नाही. तरीही मी दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला सांगते. नोंदलं म्हणून ते आपोआप सिद्ध होत नाही, हेही सांगते. इथल्या माणसाचं इथल्याच मिळकतीबद्दल असेल तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, घ्यावंच लागतं असंही नाही. बँकेचा नॉमिनी म्हणजे मालक, हा समज मात्र सगळीकडे आहे. नॉमिनी फक्त रक्कम ताब्यात घेतो, हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्रात ज्याला दिलं त्याचा. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं.

आपल्या भागात खरी खोच जमिनीच्या तपशिलात असते. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार हे सगळं आधी काढा, इतर हक्कांचा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नुसतं 'शेती मुलांना समान' असं लिहिलं की वाद विहिरीवर येतो. विहिरीत सहा आणे हिस्सा कुणाचा, मोटारीचं कनेक्शन कुणाच्या नावावर, पाइपलाइन कुणाच्या बांधातून जाते, पाण्याची पाळी कशी, साखर कारखान्याचा शेअर कुणाला. कृष्णाकाठच्या घरात शेअरवरून भाऊ बोलेनासे झालेले मी पाहिले आहेत, कारण ऊस त्या नावावर नोंदला जातो. पुण्या-मुंबईच्या नमुन्यात यातलं काहीच सापडणार नाही. जमलं तर मोडी वाचायला शिका. देवस्थान इनामाचं प्रकरण आलं आणि इनामाची जुनी सनद मोडी लिपीत लिहिलेली निघाली की उपयोग कळतो.

आता लेकींबद्दल. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार झाली. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे ११ ऑगस्ट २०२०च्या निकालाने पक्कं झालं. म्हणजे बाप मृत्युपत्राने स्वकष्टार्जित कुणालाही देऊ शकतो, वडिलोपार्जितातला मात्र फक्त स्वतःचा हिस्सा. कागदावर एवढं स्पष्ट आहे आणि निबंधक कार्यालयात रोज हक्कसोडपत्रांची रांग आहे. एकदा पाटण तालुक्यातला एक भाऊ बहिणीला घेऊन आला. मी त्याला झेरॉक्सला पाठवलं आणि ताईंना विचारलं, मनापासून सोडताय का? त्या पदराच्या टोकाला पीळ देत म्हणाल्या, "वकीलबाई, सही न्हाई केली तर दिवाळीला कुनाच्या दारात जाऊ?" मी त्यांना सांगितलं की आज फक्त वारस नोंद होऊ द्या, नावं लागू द्या, वाटप नंतर करता येतं, भावाशी भांडायचीही गरज नाही. त्या दिवशी सही झाली नाही. चार महिन्यांनी दोघं परत आले. ओढ्याकडची वीस गुंठे ताईंच्या नावावर ठेवून बाकीचं हक्कसोडपत्र केलं. भावानेच चहा सांगितला. प्रत्येक वेळी असं होत नाही, पुष्कळ बहिणी सही करून निघून जातात. पण एकटीला विचारायचं काम आपलं आहे. ते न करता ओळख पटवून सही घेणारा वकील मला चालत नाही.

मिरजेत काम करणार असाल तर सगळं हिंदू कायद्यात बसवू नका. मुस्लीम पक्षकाराला वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांशापर्यंतच वसियत करता येते. ख्रिस्ती माणसाने पुतण्या-भाचा असताना धर्मादाय कामाला द्यायचं तर मृत्यूआधी किमान बारा महिने मृत्युपत्र केलेलं हवं, अशी अट होती. ती २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, पण जुन्या पुस्तकांत अजून छापलेली सापडेल.

दानाच्या कामाला या जिल्ह्यात वेगळी आस्था आहे. १९१९ साली काल्याला सुरू झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्रासकट दागिने दिले, ही गोष्ट इथल्या जुन्या पिढीला पाठ आहे. देणारे अजून आहेत. अडचण येते ती दिलेलं पुढे नीट वापरलं जाण्याची.

कराड तालुक्यातल्या एका निवृत्त बाई माझ्याकडे आल्या. मूलबाळ नाही, यजमान गेलेले, गावात तीन खोल्यांचं घर. तिथे मुलींसाठी अभ्यासिका व्हावी ही इच्छा. शेजारच्या दीड एकराचंही दान करायचं होतं. शेतजमिनीला कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती देता येत नाही, आणि ट्रस्टलाही तेच लागू. मृत्युपत्राने दिलं म्हणून सुटका नाही, हे याच १९४८च्या कायद्याखालच्या गुजरातमधल्या प्रकरणात २०२० साली ठरलं. जमीन भाचीला दिली. राहिलं घर.

बाईंना स्वतःचा ट्रस्ट काढायचा होता. मी नको म्हटलं. एका घरासाठी विश्वस्त शोधायचे, दरवर्षी हिशेब आणि ऑडिट, विश्वस्तांत किंवा मिळकतीत बदल झाला की ९० दिवसांत विश्वस्त कायद्याच्या कलम २२चा बदल अर्ज. बाई गेल्यावर हे कोण करणार? चालू संस्थेला द्यायचं ठरलं. त्यांनी सुचवलेल्या संस्थेचा परिशिष्ट-एकचा उतारा, म्हणजे विश्वस्तांची आणि मिळकतीची सरकारी नोंद, मी धर्मादाय कार्यालयातून काढला. सात विश्वस्तांपैकी चार वारलेले, नवीन कुणाचंही नाव नोंदलेलं नाही. बाईंनी उतारा दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "यातल्या दोघांच्या दहाव्याला मी गेले होते." संस्था बदलली. नव्याने येणाऱ्यांनी हा उतारा काढायची सवय पहिल्या महिन्यापासून लावून घ्या. तसंच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चं कलम ३६ तोंडपाठ हवं. ट्रस्टची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. "उद्या त्यांनी घर विकलं तर?" या प्रत्येक देणाऱ्याच्या प्रश्नाला तेच उत्तर आहे.

पैशाचं स्पष्ट सांगते. मृत्युपत्राची फी थोडी, त्यावर घर चालत नाही. माझी पहिली वर्षं वारस दाखल्यांनी तारली. ते आपल्याकडे अजून १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतात. नंतर ट्रस्टचे बदल अर्ज नियमित यायला लागले. विश्वास जमायला आठ-दहा वर्षं द्यावी लागतात. तेवढा काळ घरातून आधार नसेल तर जोडीला दुसरं दिवाणी काम ठेवा, त्यात कमीपणा नाही.

बाईंचा मसुदा मी त्यांना वाचून दाखवला. अभ्यासिका चालणं अशक्य झालं तर घर कुणाकडे जाईल तेही लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "संध्याकाळी सात ते दहा उघडी असावी, हे घाला." मी म्हटलं, बाई, वेळेची अट घातली तर पुढे संस्था अडकेल. "अहो, पोरींना त्याच वेळी चुलीपुढं बसवतात. म्हणून तर घर देतेय." मग अट म्हणून न लिहिता, वेगळ्या परिच्छेदात इच्छा म्हणून लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. नोंदणीच्या दिवशी साक्षीला गावच्या वाचनालयातला बत्तीस वर्षांचा मुलगा आणि अडतीस वर्षांच्या आशाताई आल्या होत्या. दोघांची वयं मी आदल्या दिवशीच फोनवर विचारून घेतली होती.